फत्तूमाचा आंधळा हात

शिक्का बाळगणारा माणूस ‘माहीत नाही’ म्हणतो, हे ऐन तीन गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. कचेरीतल्या शिपायापासून वरच्या साहेबापर्यंत सगळ्यांना सगळं माहीत असतं. आपला कागद कुठे अडकलाय, तेवढंच काय ते माहीत नसतं. त्यामुळे राजधानीहून आलेला सी मुख्तार शाळेच्या अंगणात, आठ गावांच्या माणसांसमोर उभा राहून म्हणाला, “आम्हाला माहीत नाही,” तेव्हा फत्तूमाला, जिला सगळे मानाने ‘लल्ला’ म्हणत, आधी आपल्या कानांचीच शंका आली.

“काय म्हणालास, बाळा? जरा मोठ्याने बोल. मागच्या बायकांनी काय नुसता तुझा टाय बघायचा?”

सी मुख्तार आरोग्य खात्याचा माणूस, म्हणून नावाआधी मानाचं ‘सी’. टाय सैल करत तो म्हणाला, “डोंगरातल्या गावात शिकलेली सुईण कायमची राहायला आली, तर बाळंतपणात दगावणाऱ्या बायका आणि मुलं कमी होतात का, हे आम्हाला माहीत नाही, लल्ला. ते शोधून काढायला सरकारने पैसे मंजूर केलेत.”

“अरे, यात शोधायचं काय डोंबल! सुईण नसली की मरतात, असली की जगतात. माझ्या गाढवाला विचार. तो फुकटात सांगेल, वर टायही मागणार नाही.”

अंगण हसलं. फत्तूमा बोलली की अंगणाने हसायचं, ही पन्नास वर्षांची रीत होती. ती मूळची खालची, समुद्रकाठच्या शेरशेलची. लग्न होऊन डोंगरात आली, पण आपण शहराची लेक आहोत हे तिने डोंगराला एक दिवस विसरू दिलं नाही. नवरा गेला, मुलगे पोटामागे पांगले, तरी ऐन तीनमध्ये कुणाची मुलगी कुठे द्यायची आणि कुणाच्या लग्नात गोड किती करायचं, हे अजून तिलाच विचारत. शाळेत ती दोन हिवाळे गेली होती. तिच्या मते मास्तरला तेवढं पुरेसं होतं.

तिच्या मागे तिची नात विदाद उभी होती, पोटावर हात ठेवून. पाचवा महिना. आई गेल्यापासून ती आजीलाच यम्मा म्हणायची. गेल्या हिवाळ्यात तिला पहिल्या खेपेच्या कळा सुरू झाल्या, तेव्हा ओढ्याला पूर होता. शेजाऱ्याचा टेम्पो पाण्याच्या अलीकडे अडला, आणि पाणी उतरेपर्यंत पोटातलं लेकरू शांत झालं होतं. तेव्हापासून विदाद हसायची, पण ते हसू ओठांच्या आत जायचं नाही. या खेपेला ऐन तीनमध्ये सुईण आलीच पाहिजे. फत्तूमाला जगाकडून एवढंच हवं होतं. बाकी संशोधन गेलं ओढ्यात.

सी मुख्तारबरोबर विद्यापीठातली डॉक्टर लामिया आली होती. साधे बूट, उन्हाने रापलेलं नाक. शोधायचं काम तिचं. तिने सरळ सांगितलं, “आठ गावं आहेत. यंदा चार गावांत सुईण ठेवायची. उरलेल्या चारांत आत्ता आहे तसंच चालू द्यायचं. वर्षभर दोन्हीकडे नीट बघायचं. सुईणीने फरक पडला, तर पुढे सगळ्यांनाच मिळेल.”

“आणि यंदाची चार कुठली?”

“कंप्युटरने चिठ्ठ्या काढल्यात,” म्हणत लामियाने कागद उघडला आणि पहिलं नाव वाचलं. “बीर लहमाम.”

झालं. बीर लहमाम म्हणजे सी मुख्तारची सासुरवाडी. आठही गावांना ते ठाऊक होतं, कारण त्याच्या लग्नातल्या मेंढ्या कुणी पुरवल्या हेसुद्धा ठाऊक होतं. तिझीची वर्दिया, वयाने फत्तूमाच्या बरोबरीची आणि जिभेनेही फार मागे नाही, उठून उभी राहिली. “या कंप्युटरचं लग्न कुठल्या गावात झालंय, ते आधी विचारा!”

सी मुख्तार लालबुंद झाला. शपथा घेऊ लागला. खरं म्हणजे तो खरंच बोलत होता. पण आमच्याकडे खऱ्याला साक्षीदार लागतात, वशिल्याला लागत नाहीत. पुरुष ओरडले, पोरं ओरडली, कुणीतरी खुर्ची पाडली.

तेव्हा लामियाने तो कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडला.

“ठीक आहे. चिठ्ठी तुमच्या डोळ्यांसमोर काढू. तुमच्यातल्याच कुणाच्या तरी हाताने. फक्त एक अट आहे: ती चिठ्ठीच असली पाहिजे. कशी काढायची, ते तुम्ही सांगा.”

बायकांमध्ये कुजबुज झाली आणि मग म्हाताऱ्या एका आवाजात म्हणाल्या, “फत्तूमाची बुकाला!”

बुकाला म्हणजे दोन कानांचं, रुंद तोंडाचं मातीचं भांडं. फत्तूमाने ते आपल्या रुखवतात शेरशेलहून आणलं होतं. रमजानच्या संध्याकाळी बायका जमायच्या, भांड्याला धुपाची धुरी द्यायची, पाणी भरायचं, आणि प्रत्येकीने आपली अंगठी आत टाकायची. मनात कुणाचं तरी नाव धरून रुमालाला गाठ मारायची. मग एकजण दोन ओळी म्हणायची:

*गाठीत बांधलं नाव तुझं, रुमाल माझा भिजू नये;*
*समुद्रा, जरा वाट दे, त्याचं गलबत अडू नये.*

आणि फत्तूमा पाण्यात हात घालून अंगठी काढायची. जिची अंगठी निघाली, तिचं नशीब त्या ओळींत. परदेशी गेलेला मुलगा परत येणार की नाही, अडलेलं लग्न जमणार की नाही, सगळं त्या भांड्यात.

“दिवसाढवळ्या?” फत्तूमा कडाडली. “दिवसा बुकाला काढली की घरात टकली पोरं जन्मतात, हेही विसरलात का?”

“टकली चालतील,” वर्दिया म्हणाली. “जिवंत असली म्हणजे झालं.”

यावर कुणी हसलं नाही.

फत्तूमाने होकार दिला. वरून तोंड वाकडं केलं, पण आतून तिला हेच हवं होतं. कारण एक गोष्ट तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, निदान तिची तशी समजूत होती. पाण्यात हात गेला की तिच्या बोटांना डोळे फुटायचे. कुणाची अंगठी कुठे झिजलीय, कुणाचा खडा हलतोय, सगळं बोटांना तोंडपाठ. इतकी वर्षं तिने चांगल्या ओळी आल्या की खचलेल्या पोरीचीच अंगठी वर काढली होती, आणि वाईट ओळी आल्या की अशा बाईची, जी एक वाईट ओळ हसून पचवेल. विधवेच्या वाट्याला तिने कधी काळं गलबत येऊ दिलं नव्हतं. याला ती लबाडी म्हणत नसे. नशिबाला जरा वळण लावणं म्हणत असे.

आणि आता सरकार आपण होऊन तिच्या भांड्यापाशी चालत आलं होतं.

---

पुढल्या शुक्रवारी चिठ्ठी ठरली. आदल्या दिवशी लामिया ऐन तीनला मुक्कामाला आली आणि अर्थातच फत्तूमाकडे उतरली. दुसरीकडे उतरली असती तर फत्तूमाने ते जन्मभर बोलून दाखवलं असतं. दुपारी अंजिराच्या झाडाखाली हिरव्या गव्हाच्या फ्रीकचं सूप, रव्याची गरम केसरा भाकरी आणि ऑलिव्ह मांडून फत्तूमा चौकशीला बसली.

“मला एक सांग, मुली. हे पैसे सरकारचे. मग सरकारच का नाही शोधत? तुला कशाला मधे घातलंय?”

“कारण आपल्याच पोराला आपणच मार्क द्यायचे नसतात, लल्ला. खात्याने प्रश्न जाहीर केला: हे आम्हाला माहीत नाही, कोण शोधून देईल? बऱ्याच जणांनी अर्ज केले. कसं शोधू, किती खर्च येईल, सगळं लिहून. बाहेरच्या माणसांनी ते वाचले, नावं झाकून. त्यातून आमचा निवडला.”

फत्तूमाची पळी वाडग्यावर थांबली. “नावं झाकून?”

“हो. कोण कुणाचा जावई आहे, ते कळू नये म्हणून.”

“आणि मग कुणाला फोन गेला? कुणीतरी केलाच असेल.”

“केला असेल. पण उचलणाऱ्याला तरी कुठे माहीत होतं, कुठला अर्ज कुणाचा?”

फत्तूमा गप्प झाली. विदादने आजीकडे चमकून पाहिलं. जेवणाच्या वेळी यम्मा गप्प बसली, म्हणजे एकतर दात दुखतोय किंवा जग बदललंय.

“म्हणजे नवरीचं जरीचं जाकीट शिवायला टाकल्यासारखं,” फत्तूमा शेवटी म्हणाली. “मखमल सरकारची, सुई तुझी.”

“बरोबर. पण नक्षी दोघांचीही नाही.”

“मग कुणाची?”

“ती आधीपासून तिथे आहे, लल्ला. फक्त आपल्याला दिसत नाही. ती दिसेल असं काहीतरी करायचं, एवढंच आमचं काम. सी मुख्तारने तर सुईणींच्या घरांचे नकाशेसुद्धा काढून ठेवलेत. फार जीव आहे त्यांचा त्या नकाशांवर. तरी त्यांनी लिहून दिलंय: वर्ष संपेपर्यंत ते आकडे बघणार नाहीत. आणि उत्तर काहीही आलं, त्यांच्या विरुद्ध आलं, तरी ते छापलं जाईल आणि इथे येऊन वाचून दाखवलं जाईल.”

“पैसे तो देणार आणि त्यालाच बघायची बंदी?”

“हो.”

“आणि हे त्याने शुद्धीवर असताना लिहून दिलं?”

लामिया हसली. फत्तूमा हसली नाही. तिने आयुष्यात पाहिलं होतं ते दुसऱ्याचे हात बांधणारं सरकार, मग ते परक्यांचं असो की आपलं. सरकारने आपलेच हात पुढे करून ‘बांधा’ म्हणावं, हे तिने गोष्टींतसुद्धा ऐकलं नव्हतं, आणि गोष्टी तर तिच्यापाशी पोत्याने होत्या.

“पण सुईण वाईट कशी ठरेल, डॉक्टर?” विदादने हळूच विचारलं. इतका वेळ ती भाकरीचा एकच तुकडा कुस्करत होती.

लामियाने हातातला वाडगा खाली ठेवला. “दूरच्या एका मुलखात सुईणीसाठी अशीच बाळंतपणाची खोली बांधली गावोगाव. चांगल्या मनाने, न तपासता. बायका खोली आहे म्हणून तिथेच थांबल्या. अवघड झालं तेव्हा खाली जायची वेळ टळून गेली होती. पूर्वी त्या वेळेवर निघायच्या तरी. म्हणून खरंच सांगते, विदाद, मला माहीत नाही. माहीत असतं, तर मी चिठ्ठी टाकूच दिली नसती.”

झाडावरून एक पिकलेलं अंजीर टपकन खाली अंथरलेल्या जेवणाच्या सुफ्ऱ्यावर पडलं. कुणी उचललं नाही.

प्रत्येक गावाची एक अंगठी भांड्यात पडायची होती; संध्याकाळी ऐन तीनच्या वतीने टाकायची अंगठी विदादने बोटातून काढून दिली. पोवळ्याची, कडेला टवका उडालेली. हजार अंगठ्यांत फत्तूमाच्या बोटाला सापडली असती.

---

शुक्रवारी नमाजानंतर शाळेचं अंगण भरलं. आठ गावांच्या बायका भिंतीला लागून बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या रुमालाला गाठ होती. फत्तूमाने नजर फिरवली. इतक्या गाठी तिने एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. लाल, पांढऱ्या, फुलाफुलांच्या रुमालांच्या. म्हाताऱ्यांच्या, कोवळ्या सुनांच्या. एका पोरीने तर रुमाल नाही म्हणून केसांच्या रिबिनीलाच मारली होती. आणि प्रत्येक गाठीत एक नाव, कुठल्या तरी पोटातलं, अजून नाव नसलेलं नाव.

वर्दिया जवळ येऊन बसली. भांड्याला धुरी देत, ओठ न हलवता म्हणाली, “माझ्या सुनेचं रक्त कमी आहे. निळा खडा आहे आमचा. तुला सांगायला नको.”

“मला काय सांगतेस? नशिबाला सांग.”

“फत्तूमे, पन्नास वर्षं तुझ्या शेजारी बसतेय. तुझी बोटं मला माहीत नाहीत होय? सगळ्यांना माहीत आहेत. म्हणून तर तुझं नाव घेतलं. तू नेहमी जिला गरज आहे, तिलाच देतेस.”

फत्तूमाने समोर पाहिलं. बीर लहमामची म्हातारी तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होती. पलीकडची दुसरी डोळ्यांनी विनवत होती. सगळ्यांना ठाऊक होतं! इतकी वर्षं तिला वाटत होतं आपण नशिबाला फसवतोय, आणि या बाया तिलाच सांभाळून घेत होत्या. दुसरा कुठला दिवस असता तर तिने अपमानाने भांडं आपटलं असतं.

ती उठली आणि लामियाला भिंतीच्या कडेला ओढलं.

“समज, मी हाताला येईल ती न काढता, जिला जास्त गरज आहे तिची काढली तर?”

लामियाने तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही, हे फत्तूमाने नोंदवलं. “मग आमचं उत्तर खोटं, लल्ला. सुईण असलेली गावं आधीच जास्त आजारी असतील. वर्षअखेर आम्ही म्हणू, सुईणीने काही फरक पडत नाही. किंवा तुम्ही उलटं केलंत, तर म्हणू, फार फरक पडतो. आणि त्या खोट्यावर सरकार देशभरच्या डोंगरांत घरं बांधेल, नाहीतर बांधणार नाही. ज्या बायका अजून जन्मल्या नाहीत, त्यांच्यासाठी.”

“आणि माझ्या विदादला जास्त गरज असली तर?”

“तरीही.”

फत्तूमा भांड्याकडे परतली. पाणी थंड होतं. तिने हात घातला, आणि बोटांना पोवळ्याचा टवका लगेच सापडला. किती सोपं होतं! चिमटीत धरायचं आणि वर काढायचं. समोर विदाद उभी होती, रुमालाची गाठ मुठीत घट्ट धरून.

पण वर काढलं की काय? नेहमी तिला ओळी ऐकू आलेल्या असायच्या. चांगल्या कुठल्या, वाईट कुठल्या, ते ठाऊक असायचं. आज ओळी कुणालाच ठाऊक नव्हत्या. ना शिक्केवाल्याला, ना डॉक्टरला, ना तिला. सगळी शहाणी माणसं ‘माहीत नाही’ म्हणून हात बांधून उभी, आणि उघडा हात या अंगणात फक्त तिचा होता. फत्तूमाला एकदम आपला हात फार उघडा वाटला. नमाजाच्या रांगेत बूट घालून उभं राहिल्यासारखं.

तिने हात बाहेर काढला. रिकामा.

“विदाद, घरी जा. पेटीतल्या माझ्या मेंदीच्या पिशव्या आण.”

“यम्मा, आज कुणाची मेंदी?”

“सरकारची.”

मेंदीच्या पिशव्या म्हणजे बोटं नसलेल्या, जरीकाम केलेल्या मखमली पिशव्या. नवरीच्या हातावर मेंदी लिंपली की वरून चढवतात, मनगटाशी नाडीने बांधतात. विदाद त्या घेऊन आली तोवर फत्तूमाने भांड्यातलं पाणी ओतून टाकलं होतं. कोरडी बुकाला कुणी पाहिली नव्हती. बायका माना उंचावून बघू लागल्या.

फत्तूमाने उजवा हात पुढे केला. विदादला त्या बोटांचं गुपित लहानपणापासून ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या आधी त्या बोटांनीच तिला हसरं गलबत काढून दिलं होतं. मखमल हातात घेऊन ती आजीकडे बघत राहिली. तिला समजलं. तिचे डोळे भरले. मग तिने पिशवी आजीच्या हातावर चढवली आणि मनगटाशी नाडी बांधली. एक गाठ, त्यावर दुसरी, घट्ट.

“अगं, रक्त थांबेल,” फत्तूमा पुटपुटली.

“असू दे, यम्मा. सैल नको.”

सी मुख्तार खुर्चीवरून उठून उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नसेल. फत्तूमाने तो आंधळा, जाडजूड हात भांड्यात घातला, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिला आत काहीच दिसलं नाही. नुसती मखमल. सगळ्या अंगठ्या एकसारख्या, सगळी गावं एकसारखी. भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी तिला वाटलं, आपण एखाद्या फार मोठ्या दारात उभे आहोत आणि आत अंधार आहे, आणि तो अंधार स्वच्छ आहे.

पिशवीत अंगठी पकडणं म्हणजे बोकडाने सुई उचलणं. तिसऱ्या खेपेला एक वर आली. लामियाने ती उंच धरली.

“बीर लहमाम.”

मग वर्दिया म्हणाली, “आता काय, या भांड्याचंही लग्न तिथेच झालंय?” आणि सगळं अंगण असं हसलं की शाळेच्या छपरावरची कबुतरं उडाली. सी मुख्तार तर डोळे पुसेपर्यंत हसला. आता बोलायला कुणाला जागाच उरली नाही.

दुसरी निघाली. तिसरी निघाली. ऐन तीन नाही.

चौथ्या वेळी फत्तूमाचा हात आत बराच वेळ राहिला. काहीतरी कडक मखमलीला लागलं, सुटलं, पुन्हा लागलं. कुणीतरी हलक्या आवाजात त्या ओळी म्हणू लागलं, समुद्रा, जरा वाट दे, आणि भिंतीलगतच्या सगळ्या बायका ते गुणगुणू लागल्या. हात वर आला.

निळा खडा. तिझी.

वर्दियाने आनंदाने किंकाळी फोडली नाही. तिने फक्त आपला रुमाल डोळ्यांवर दाबला. पोवळ्याची अंगठी भांड्याच्या तळाशी राहिली होती. विदादने ती स्वतः वाकून काढली, बोटात घातली, आणि आजीच्या मनगटाची गाठ सोडायला बसली. ती इतकी घट्ट बसली होती की शेवटी दातांनी सोडवावी लागली.

---

फत्तूमा रडली नाही. रडणं शेरशेलच्या लेकीला शोभत नाही. पण आठवा महिना लागायच्या आधी तिने असं काही केलं की ऐन तीनने तोंडात बोट घातलं. आईच्या बांगड्यांवरून धाकट्या भावाशी तिचं फाटलं होतं, आणि त्याच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही अशी तिची शपथ होती. एका सकाळी ती विदादला घेऊन बसमध्ये बसली आणि शेरशेलला भावाच्या दारात उभी राहिली.

दार उघडून भाऊ म्हणाला, “शपथ संपली वाटतं?”

“शपथ शाबूत आहे. विदाद आलीय. मी आलेली नाही, तिच्या सामानाबरोबर आलेय.”

“मग सामान आत घे,” तो बायकोला ओरडला, आणि पुढे होऊन बहिणीच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

कळा सुरू झाल्या तेव्हा डोंगरात पाऊस कोसळत होता आणि ओढ्याला पूर होता. पण इस्पितळ भावाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. नाळ बाळाच्या गळ्याभोवती आली होती. डॉक्टरांनी घाई केली, आणि फत्तूमा बाहेरच्या बाकावर बसून आयुष्यातल्या सगळ्या प्रार्थना एकदम म्हणू लागली, चुकीच्या क्रमाने. मग आतून रडणं ऐकू आलं. चिडकं, घोगरं, अगदी तिच्यासारखं.

मुलगी होती. डोक्यावर एक केस नाही, अंड्यासारखं गुळगुळीत.

“आणखी काढ दिवसा बुकाला!” भावजय म्हणाली.

विदाद हसली. ते हसू कुठे ओठांशी थांबलं नाही. फत्तूमाने त्या टकल्या डोक्यावर आपला उघडा हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

---

वर्ष सरलं. त्यावर आणखी काही महिने गेले, आणि एका दुपारी सी मुख्तार आणि लामिया त्याच अंगणात आले. लिहून दिल्याप्रमाणे उत्तर सी मुख्तारनेच वाचलं. या खेपेला टाय नव्हता.

“चार गावांत सुईण होती, चारांत नव्हती. दोन्हीकडे फारसा फरक पडला नाही.”

अंगणात कुरकुर उठली. वर्दियाची सून, नातवाला कडेवर घेऊन, गोंधळून बघू लागली.

“थांबा. एक गोष्ट आम्ही विचारलीच नव्हती, ती आकड्यांतून आपण होऊन वर आली. सुईण असो वा नसो, दिवस भरायच्या आधी ज्या बायकांना खाली शहरात कुणाकडे तरी राहायला मिळालं, त्या जवळजवळ सगळ्या सुखरूप आहेत. बहीण, मामा, मावशी, कुणीही. ज्यांना तसं कुणी नव्हतं...” तो थांबला. पुढचं सगळ्यांना माहीत होतं. “एवढ्यावरून लगेच शपथ घेता येत नाही, डॉक्टर लामिया तेही तपासणार आहेत. पण खात्याने ठरवलंय: सुईण वर राहील, वेळेवर खाली पाठवण्यासाठी. आणि खाली, इस्पितळाजवळ, एक घर भाड्याने घ्यायचं. डोंगरातल्या कुठल्याही बाईसाठी. जिचं शहरात कुणी नाही, तिचं ते माहेर.”

फत्तूमा उठली. “आणि तुझे नकाशे, बाळा?”

“पेटीत, लल्ला.”

“वाईट वाटलं?”

“आठवडाभर जेवलो नाही.”

“तरी सांगायला आलास.”

“लिहून दिलं होतं ना.”

तिला काहीतरी तिखट बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ते कोरडं भांडं आलं. आपण बोटांनी चार गावं निवडली असती, तर या माणसाने आज तिच्याच मायेची नक्षी तिला परत वाचून दाखवली असती, सरकारी शिक्का मारून. आणि ही दुसरी नक्षी, जी कुणीच काढली नव्हती, जी आधीपासून इथेच डोंगरात पडलेली होती, ती कुणाला दिसली नसती. तिने सी मुख्तारला घरी नेलं आणि रुखवतातल्या सोनेरी काठाच्या कपात कॉफी दिली. त्या कपाला तिच्या सख्ख्या मुलांनीही कधी ओठ लावला नव्हता.

त्या रमजानात, इफ्तार आटोपल्यावर, बायका फत्तूमाच्या अंगणात जमल्या. धुरी झाली, पाणी भरलं, अंगठ्या पडल्या. फत्तूमा येऊन बसली, ती उजव्या हाताला मखमली पिशवी बांधून. अंगणात नापसंतीची लाट उसळली.

“हे काय सोंग?” वर्दिया म्हणाली.

“चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. आता मला खरी रीत कळलीय.”

“अगं बाई, ती रीत सरकारची! त्याने आपली पाळावी. इथे माझ्या धाकटीचं लग्न तीन वर्षं अडलंय, आणि तू हात बांधून बसतेस?” वर्दियाने तिचं मनगट ओढलं. “काढ ती पिशवी. आम्हाला तुझी बोटं हवीत.”

फत्तूमाने सगळ्यांकडे पाहिलं. टकली पणती, आता डोक्यावर चार काळी कुरळी झुलपं फुटलेली, विदादच्या मांडीवरून त्या जरीच्या पिशवीकडे झेपावत होती. फत्तूमाने नाडी सोडली, पिशवी पोरीच्या हातात दिली, आणि आपला म्हातारा, उघडा, सगळं बघणारा हात थंड पाण्यात घातला.

“म्हण गं कुणीतरी ओळी,” ती म्हणाली. “आणि चांगल्या म्हण.”